तंगड्याचं सामान

९ जानेवारी

सूनबाई,

वर काय लिहावं यातच माझा चहा गार झाला. हाताला सवय 'चि. सौ.' लिहायची. 'चि.' लिहून झालं आणि पुढे हात अडला. तो कागद फाडला. म्हणून आता नुसतं सूनबाई. आवडलं नाही तर वरचा तेवढा तुकडा तूही फाडून टाक.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. काम आहे, नाहीतर लिहिलं नसतं. तू निघालीस त्या दिवशी म्हणालीस, या घरात श्वास घ्यायलाही तुमची परवानगी लागते. मी म्हणाले, माझा मुलगा विजेच्या खांबावर चढला तो परत उतरला नाही, तूही जा. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेवढ्यावर भागलं. त्याचं उट्टं काढायला हे पत्र नाही.

झालं असं की दुकानात एक फोन आला. कुत्रेवाल्याचा. तुमच्या मुलानं ग्रेट डेनचं पिल्लू सांगून ठेवलंय, ते आता आईपासून तोडायच्या वयाचं झालं, कधी नेता? त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, तो येणार नाही. तर म्हणतो, मग कोण येणार? फोनवर मला ते बोलवेना. म्हटलं, समोर जाऊन नाही म्हणून यावं.

गेले होते नाही म्हणायला. मी बोलायला तोंड उघडलं आणि ते पिल्लू येऊन माझ्या चपलेवर बसलं. बाकीची भावंडं एकमेकांची शेपटी ओढत होती आणि हे आपलं माझ्या पायावर, कुणी बसायला खुर्ची दिल्यासारखं. त्याला उचलून बाजूला ठेवलं. ते पुन्हा येऊन बसलं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि त्या कुत्रेवाल्यासमोर माझी जी शोभा झाली ती सांगत नाही.

शेवटी घेऊनच आले. नुसते पायच पाय आहेत त्याला. मी तंगड्या म्हणते. तुम्ही दोघांनी काही वेगळं नाव ठरवलं असेल तर कळव.

आता मुद्द्याचं. त्याच्या सामानासाठी कुत्र्यामांजरांच्या सामानाच्या दुकानात गेले. विकणारा म्हणाला, मोठ्या जातीचं आहे ना, मग सगळं वेगळं लागतं. पिंजरे तीन तऱ्हेचे, पट्टे दहा तऱ्हेचे, खाण्याच्या पिशव्या छतापर्यंत. मी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले, मला दुकानदार फसवू शकत नाही असा माझा समज होता. रिकाम्या हातानं परत आले. तू जनावरांच्या दवाखान्यात नर्स, तुला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पिंजरा केवढा, पट्टा कसला, गादी कशी, खायला काय, एवढंच लिही. माझी खुशाली विचारायची गरज नाही.

त्यानं स्वतः निवडलेल्या दोनच गोष्टी या घरात यायच्या होत्या. एक तू आणि एक हे पिल्लू. तू गेलीस. हे तरी नीट वाढलं पाहिजे.

तुझी सासू


२४ जानेवारी

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. टपालवाला रोज दुकानावरून जातो आणि माझ्याकडे न बघता जातो. त्यालाही कळलेलं दिसतंय.

तंगड्या काही तुझ्या उत्तरापर्यंत उपाशी आणि उघड्यावर राहणार नव्हता. मी माझ्या अकलेनं सामान आणलं. तुला माहीत आहे, आपल्या दुकानाचा एकच नियम. मूल उभं आहे ते माप घ्यायचं नाही, वर्षानं होईल ते घ्यायचं. शिवणीच्या आत भरपूर माया ठेवायची, खाली दुमड मोठी घालायची, आईबाप दुवा देतात. त्याच हिशेबानं सगळं आणलं. पिंजरा असा की त्यात मी मांडी घालून बसेन. गादी पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची. भांडी बादलीएवढी. पट्टा असा की सध्या तो कंबरेलाही बसेल.

विकणारा म्हणाला, "बाई, पिंजरा मोठा घेताय तर मध्ये आडोसा लावायची जाळी घ्या. पिल्लाला उठून वळता येईल एवढीच जागा द्यायची, वाढेल तशी जाळी सरकवायची." मी म्हटलं, "पाहुण्याला घरात घ्यायचं आणि कोपऱ्यात कोंबायचं? आमच्याकडे तसं नाही." आता तंगड्या पिंजऱ्याच्या एका टोकाला झोपतो आणि दुसऱ्या टोकाला मुततो. त्याला प्रशस्त घर मिळालं, दोन खोल्यांचं. धुणं माझ्या नशिबी आलंय.

छातीपट्टा मात्र मीच शिवला. दप्तरांच्या पट्ट्या शिल्लक होत्या, त्यांचा. दुहेरी टीप, आत चुण्या, वाढला की एकेक चूण उसवायची. असा पट्टा तुला बाजारात मिळणार नाही. काल शाळेसमोर रस्त्यावर एक रिकामा डबा गडगडत आला, तंगड्या दचकून मागे सरकला, आणि माझ्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा. शाळेच्या वॉचमननं काठी टाकून त्याला दोन्ही हातांनी धरलं. मला म्हणाला, "मावशी, हा कोट कुणाचा आहे? याच्या बापाचा?"

मी हसले. घरी येऊन जिन्यात बसून राहिले.

तो पट्टा आणखी चुण्या घालून आवळलाय. काळजी करू नकोस. करत असशील तर.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. 'मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं वेगळं मिळतं, तेच मोजून द्या. वरून दूध, कॅल्शियम काही नको. जिना चढू-उतरू देऊ नका. फरशीवर न घसरणाऱ्या चटया टाका. पट्टा दोन बोटं आत जातील एवढाच सैल.' संपलं. वर कुणाचं नाव नाही, खाली सही नाही. इतकं कोरडं तर पोस्टमनही बोलत नाही.

मी माझी खुशाली विचारू नकोस म्हटलं होतं, हे खरं. पण असं म्हटल्यावर माणूस विचारतं.

दोन बोटांचं ऐकलं. चटयांचं पाहते. जिन्याचं काय करू ते तूच सांग. खाली दुकान आणि वर राहणं, हे तू सून म्हणून आलीस तेव्हापासूनचं आहे. दुकानात त्याला ठेवावं तर फरशीभर टाचण्या आणि कापडाचे काप. तो प्रत्येक गोष्ट तोंडानं वाचतो. माझी मापाची फीत त्यानं निम्मी खाल्ली, आता ती कंबरेपर्यंतच मोजते. मग वर नेते. उचलून नेत होते, पण आता तो माझ्या हातात मावत नाही आणि माझे गुडघे माझे राहिलेले नाहीत. तो स्वतः चढतो, एकेका पायरीवर विचार करत.

आणि कॅल्शियमचं मला शिकवू नकोस. तुझा नवरा चालायला लागला तेव्हा त्याचे पाय काडीसारखे होते, गुडघे एकमेकांना लागायचे. डॉक्टरनं मान हलवली होती. मी दूध, अंडी आणि कॅल्शियमची बाटली, यांवर ते पाय सरळ केले. पुढे त्याच पायांनी तो खांबावर चढत होता, खाली उभे असलेले लोक तोंडात बोट घालायचे. वाढत्या अंगाला कमी पडता कामा नये, एवढं मला कळतं. तंगड्याला सकाळ-संध्याकाळ दूध देते आणि त्यात बाटलीतलं दोन-दोन झाकणं घालते. तो भांडं चाटून पुसून मलाही चाटतो. तुझ्या दवाखान्यातली कुत्री कशी वाढतात ते तू बघ, माझं मी बघते.

रागावून लिहिलं. तरी टाकते. पुन्हा लिहायला बसले तर पुन्हा रागच येईल.

तुझी सासू


६ मार्च

सूनबाई,

तंगड्या छान आहे. दांडगा झालाय. येणारी गिऱ्हाइकं आधी त्याला बघतात आणि मग मापं देतात. एका मुलीनं विचारलं, "हा घोडा होणार का?" मी म्हटलं, "परीक्षा पास झाला तर."

तू कशी आहेस? तिकडे खोली मिळाली का नीट? पाणी येतं का? एकटीनं जेवताना तू अर्धं ताटात ठेवतेस, ते ठेवत जाऊ नकोस.

त्याच्या पुढच्या पायांचे पंजे थोडे बाहेर फाकल्यासारखे दिसतात. लहान मुलांचंही होतं तसं. तुझ्या नवऱ्याचं होतं म्हटलं ना मी. पुढे आपोआप जातं. तुला कधी वेळ झाला तर एवढंच लिही की असं होतं ना.

बाकी सगळं ठीक.

तुझी सासू


१९ मार्च

सूनबाई,

मागचं पत्र खोटं होतं. 'बाकी सगळं ठीक' हे तर धडधडीत खोटं.

तंगड्याचे पुढचे दोन्ही पाय वाकलेत. मनगटापाशी गाठी आल्यासारखं सुजलंय. उभा राहतो तो पाय फाकवून, आणि थोडा वेळ उभा राहिला की थरथरतो. दहाएक दिवसांपूर्वी जिन्याच्या मध्यावर तो बसला. वरही येईना, खालीही जाईना. मी वरून हाक मारली तर शेपटी हलवली, पण उठला नाही. ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि आम्ही दोघं तिथंच, अंधार पडेपर्यंत. शेवटी समोरच्या स्टेशनरीवाल्याला हाक मारली, त्यानं खांद्यावर घालून वर आणला.

डॉक्टरकडे नेलं. तुझ्यापेक्षाही लहान आहे तो डॉक्टर. फोटो काढले, हाडांचे. मला उजेडात धरून दाखवले.

"आजी, वरून काही देत होता का?"

मी म्हटलं, "दूध. कॅल्शियम."

"कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. माझा मुलगा असाच वाढवला."

चिडला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते, पण तो चिडला नाही. म्हणाला, "मुलांचं वेगळं. या जातीला घाईनं वाढवायचं नसतं. खाणं कमी जोराचं, कॅल्शियम मोजकं, हाडं हळूहळू भरली पाहिजेत. तुम्ही प्रेमानंच केलंत, पण याच्या हाडांना ते सोसलं नाही." मग म्हणाला की वय लहान आहे, अजून वेळ गेलेली नाही. आत्तापासून योग्य खाणं, जिना अजिबात नाही, घसरती फरशी नाही, रोज ठरल्याप्रमाणे पाय हलवून घ्यायचे, आणि जाणत्या माणसाचा हात. तसं झालं तर पाय बरेचसे सुधारतील. नाहीतर जन्मभर दुखणं. एवढा मोठा देह त्या पायांवर उभा राहणार आहे, तुम्हीच विचार करा, म्हणाला.

मी विचार केला. दूध आणि बाटली त्याच दिवशी बंद केली. तुझ्या चिठ्ठीत लिहिलेलं खाणं आणलं. चटयाही आणल्या. पण जिना मला उचलून फेकता येत नाही. दुकानात ठेवला तर काल त्याच्या जिभेत टाचणी घुसली. ठरल्याप्रमाणे पाय हलवायचे म्हणजे त्याला खाली झोपवावं लागतं, मला वाकता येत नाही, आणि त्याला दुखलं की माझा हात सुटतो. मी रडते आणि तो माझ्याकडे बघत बसतो. असे कुणाचे पाय सरळ होत नसतात.

तुझी चिठ्ठी वेळेवर आली होती. ते सगळं तू त्यात लिहिलं होतंस. हे मला स्वतःलाच रोज ऐकवावं लागतंय, तू ऐकवू नकोस.

हे पत्र लिहू की नको, यात आठवडा गेला. न लिहिता राहिले असते तर तो माझ्याजवळ राहिला असता. लंगडत, पण राहिला असता. दुकानात माझ्या मशीनखाली तो डोकं ठेवून झोपतो, पायानं पायटा चालवला की त्याचे कान हलतात. हे घर त्याच्यामुळे थोडं बोलायला लागलं होतं. मला किती जड जातंय ते लिहून सांगण्याइतकी मी शिकलेली नाही.

तू ये आणि त्याला घेऊन जा. तुझ्याकडे दवाखाना आहे, तुला ते हात आहेत. तुझ्या नवऱ्यानं तुम्हा दोघांसाठीच सांगून ठेवला होता. माझ्यासाठी नव्हता. मी मध्येच झोळी पसरली.

लवकर ये.

तुझी सासू


२ एप्रिल

सूनबाई,

तुम्ही नीट पोहोचलात, हे तुझ्या दवाखान्यातल्या कुणीतरी फोन करून सांगितलं. तू सांगायला लावलंस म्हणून बरं वाटलं. स्वतः केला नाहीस म्हणून वाईट वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

तू त्याला न्यायला आलीस त्या दिवशीचं लिहिते. मी टेबल पुसलं होतं, पडदे धुतले होते, तुझ्या खोलीत चादर बदलली होती. म्हटलं, मुक्काम करेल. तू दारात चप्पल काढून सरळ जमिनीवरच बसलीस आणि त्याचे पाय हातात घेतलेस. तो माझ्याकडे बघतही नव्हता. तू बोटांनी हाडं चाचपत होतीस आणि तो डोळे मिटून पडला होता. इतक्या दिवसांत माझ्या हाताखाली तो तसा कधी पडला नाही.

"आई, मी चिठ्ठी पाठवली होती."

"आली होती."

"मग?"

"त्यात आई नव्हतं."

तू वर बघितलंस. "म्हणून?"

"म्हणून."

यापेक्षा वेडगळ उत्तर माझ्या तोंडून जन्मात निघालं नसेल. पण खरं तेच होतं. तू चार ओळी लिहिल्यास, त्यांत मला शोधायचा होता फक्त एक शब्द, तो सापडला नाही, आणि मग उरलेलं सगळं मी शत्रूचं समजून वाचलं. त्याची किंमत तंगड्याच्या पायांनी चुकती केली. तू त्याचे पाय चोळत राहिलीस, आणि तुझं नाक लाल झालं होतं. रडू दाबलंस की तुझं तसं होतं.

मग सामान. मी सगळं काढून ठेवलं होतं. तू एकेक उचलून बघितलंस. पिंजरा नको म्हणालीस, गादी नको, भांडी उंच आहेत म्हणून नको, मोठा पट्टा नको. मी हातानं शिवलेला छातीपट्टा तू उलटा करून आतली शिलाई बघितलीस आणि बाजूला ठेवलास. खाण्याची उरलेली पिशवी तेवढी घेतलीस. तू बरोबर निवडलंस.

चहा घेतलास, बिस्किट ठेवलंस. मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, तू म्हणशील असं मला वाटलं होतं, आई, तुम्हीपण चला. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की नको बाई, माझं दुकान आहे, शाळा सुरू व्हायच्या आधीचं काम आहे. नाही म्हणण्याची सगळी तयारी होती. तू म्हणालीच नाहीस. ते बरंच झालं. म्हणाली असतीस आणि मी नको म्हटलं असतं, तर तू पुन्हा विचारशील म्हणून मी आणखी वाट बघत बसले असते.

गाडीत तंगड्या तुझ्या मांडीवर डोकं ठेवून लगेच झोपला. पिल्लूच ते. त्याला काय कळणार कोण कुठे राहिलं. तू मात्र कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघत होतीस, असं स्टेशनरीवाला सांगतो. मी बघितलं नाही. मी शटर ओढत होते. भर दुपारी दुकान बंद करण्याची माझी ही दुसरी वेळ, पहिली कुठली ते तुला माहीत आहे.

गेले काही दिवस मी मशीनवर बसते आणि पायटा चालवायच्या आधी खाली वाकून बघते. कुणी नसतं. मग चालवते.

आज बसले होते ते एवढं विचारायला, की तो जेवतो का. पण ते तू बघशीलच. त्याच्या पायांचं डॉक्टर बघतील. तुझं तू बघतेस. सूनबाई, मी तुला आजवर जेवढी पत्रं लिहिली, प्रत्येकात काहीतरी विचारलं, कारण विचारलं की उत्तर द्यावं लागतं. या पत्राला उत्तर देऊ नकोस. विचारण्यासारखं आता माझ्याकडे काही नाही.

आई